निंबाखालच्या भाषणाची प्रस्तावना

नळदुर्ग, १२ नोव्हेंबर १९४४

सोलापूरच्या वाचनमंडळाकडून माझा निबंध परत आला. पाकीट जाड दिसलं तेव्हाच ओळखलं. मुलींना पाढे म्हणायला लावले आणि वर्गातच फोडलं.

निबंध नापसंत नाही, हे आधी लिहून ठेवते. विषय त्यांनीच दिला होता: ऐकलेलं एखादं भाषण घ्यायचं आणि त्यानं माणसांची मनं कशी वळवली ते उलगडून दाखवायचं. मी हैदर मास्तरसाहेबांचं निंबाखालचं भाषण घेतलं. दहा वर्षांपूर्वी मुलींची शाळा काढायची म्हणून ते बाजारातल्या निंबाखाली बोलले होते. पुरेशी नावं आली तरच शाळेला मंजुरी मिळणार होती. त्या भाषणातून आमची शाळा निघाली, त्या शाळेत मी शिकले आणि आता तिथंच शिकवते.

चिटणीस लिहितात: 'मधला भाग चांगला आहे. परंतु प्रस्तावना चार पानांची असून तीत सूर्य येतो, समुद्र येतो, सरस्वती येते, ते भाषण मात्र कोठेच येत नाही. भाषण कोणाचे, कोणापुढे, कशासाठी, आणि आपले त्याविषयी म्हणणे काय, एवढे आरंभी सांगावे. प्रस्तावना नव्याने लिहून डिसेंबरअखेर पाठविल्यास जानेवारीच्या बैठकीत निबंध वाचण्यास आपणास बोलावू.'

'वक्तृत्व ही परमेश्वराने मानवाला दिलेली दिव्य देणगी होय' या वाक्यावर मी किती दिवस बसले होते, ते त्यांना काय माहीत. सूर्याचा दृष्टान्तही माझाच होता, कुठून घेतलेला नव्हता.

आप्पांनी विचारलं, काय आलं? मी म्हटलं, सुरुवात बदला म्हणतात. आप्पा म्हणाले, मग बदल की. कापडाचा पन्हा कमी पडला तर दुसरं ठाण काढायचं, इतकं ते त्यांना सोपं वाटतं.

१५ नोव्हेंबर

नवी प्रस्तावना लिहायला घेतली. कागद मिळत नाही. लढाईमुळे सगळंच मिळेनासं झालंय. आप्पा गठ्ठ्यांवरचे तपकिरी कागद सोडवून, हातानं सपाट करून, माझ्यासाठी दुकानात बाजूला ठेवतात. त्यावर शाई फुटते. पण कच्च्या लिखाणाला चालतं.

अडचण ही आहे की मला ते भाषण स्वतःला फारसं आठवत नाही. मी नऊ वर्षांची होते. अव्वा धाकट्याच्या बाळंतपणातून नुकती उठली होती, म्हणून ती आली नव्हती. मी शेजारच्या मदिनाबीबरोबर बायकांच्या बाजूला बसले होते. मदिनाबी आता नाही. मला तिची हिरवी काकणं आठवतात आणि तिनं सोलून दिलेल्या शेंगा. बाकीचं भाषण मी मास्तरसाहेबांना आणि बाजारातल्या जुन्या माणसांना विचारून जुळवलंय.

१९ नोव्हेंबर

झाली. मागच्यापेक्षा पुष्कळ बरी. अशी सुरू होते:

'सन १९३४ मध्ये नळदुर्गच्या बाजारात शिक्षक हैदरसाहेब यांनी मुलींच्या शाळेसाठी भाषण केले. श्रोते व्यापारी व शेतकरी होते व बहुतेकांचा मुलींना शिकवण्यास विरोध होता. उर्दू ही ज्यांची रोजची भाषा, त्यांनी त्या दिवशी मराठीत, अडखळत का होईना, भाषण केले. त्यामुळे श्रोत्यांना ते आपले वाटले. त्यांनी उपदेश केला नाही; सासरी गेलेल्या लेकीचे एक पत्र सांगितले, जे तिला शेजाऱ्याकडून लिहून घ्यावे लागते आणि म्हणून त्यात तिचे दुःख कधीच येत नाही. या भाषणाचा प्रभाव असा की, माझे वडील रेवणप्पा, जे कधी चारचौघांत बोलत नाहीत, ते भर सभेत उभे राहिले व त्यांनी पहिले नाव दिले. ते उभे कसे राहिले, हेच या निबंधात पाहावयाचे आहे.'

संध्याकाळी आप्पांना वाचून दाखवली. त्यांना बाळबोध लिपी वाचता येते, पण चष्मा दुकानात राहिला म्हणाले. मी शेवटच्या वाक्याशी आले तेव्हा चुलीपाशी बसलेली अव्वा हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे ठसका लागला.

आप्पा उठून गोठ्याकडे गेले. माझं लिखाण त्यांना कंटाळवाणं वाटतं, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर

शुक्रवार, सुट्टी. प्रस्तावना घेऊन मास्तरसाहेबांकडे गेले. आता ते मोठ्या शाळेचे हेडमास्तर आहेत आणि उन्हाळ्यात वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, जाणार. त्यांच्या पत्नी बिबीजानचाचींनी खजूर दिले. मास्तरसाहेबांनी कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, 'बेटी, यातला तो हैदर मला आवडला. फार हुशार माणूस दिसतो.'

एवढंच. मला वाटलं होतं काही चुका काढतील.

निघताना म्हणाले, तुझ्या आप्पांना हे वाचून दाखवलंस का? दाखवलं म्हटल्यावर विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, गोठ्यात गेले. मास्तरसाहेब दाढीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत राहिले.

मोठी माणसं कौतुक करायला फार चिकट असतात.

३० नोव्हेंबर

आज दुकानात गेले होते. अणदूरची एक बाई लुगडं घेत होती. मला बघून म्हणाली, तुम्हीच का शांताक्का, ते भाषण आहे, सासरी गेलेल्या लेकीच्या पत्राचं, त्यावर तुम्ही लिहिलंय? मी चकित झाले. हिला कुणी सांगितलं? आप्पा मान खाली घालून कापड फाडत होते.

अव्वाला रोज संध्याकाळी प्रस्तावना ऐकायची असते. आणि रोज त्याच जागी तिला ठसका लागतो.

८ डिसेंबर

अक्कलकोटची मंडळी मला बघायला जानेवारीत येणार होती. तोपर्यंत निबंध पाठवून व्हायला हवा, पुढं काय होईल कोण जाणे, असं मनात होतं. पण आज आप्पांनी त्यांना कळवलं की जानेवारीत जमायचं नाही, दुकानाला रंग द्यायचा आहे. दुकानाला रंग दिलेला मी जन्मात पाहिला नाही. अव्वानंही मान डोलावली. या दोघांचं काय चाललंय मला समजत नाही.

१५ डिसेंबर

येळवस, वेळ अमावस्येचा शेतातला सण. आणि शुक्रवारही, त्यामुळे शाळेचा प्रश्न नव्हता. पहाटे अव्वानं भज्जी, उंडे, आंबील सगळं केलं आणि आम्ही गाडीनं शेतावर गेलो. ज्वारी कमरेला लागत होती. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, चौफेर आंबील शिंपडून झालं, जेवणं झाली.

पोट भरल्यावर आप्पा झाडाखाली आडवे झाले. मला वाटलं झोपले. मी अव्वाला म्हटलं, आता तरी सांग, तू कशाला हसतेस? माझं वाक्य चुकलंय का?

अव्वा म्हणाली, 'वाक्य बेस हाय. पर तुझे आप्पा भाषणानं उठले न्हाईत.'

'मग?'

'सोलापूरहून माल यायचा होता. गाडीवान दुकानापुढं थांबला असंल म्हणून तिकडं निघाले होते.'

 अव्वानं सगळं सांगितलं. आप्पा धोतर झटकून उठले, तेवढ्यात मास्तरसाहेब मोठ्यांदा म्हणाले, शाब्बास रेवणप्पा शेट, पहिलं नाव कुणाचं लिहू? सगळी सभा वळून बघायला लागली. आप्पांच्या तोंडून निघालं, शांता लिहा. घरी आले ते घामानं भिजलेले. अव्वाला म्हणाले, मी काय करून बसलो मलाच कळंना.

ती इतकी हसत होती की तिला पुढं बोलता येईना. मलाही हसू यायला लागलं. मग माझं लक्ष गेलं, आप्पांचे डोळे उघडे होते.



१७ डिसेंबर

दोन दिवस प्रस्तावनेला हात लावला नाही. ते भाषण उत्तम होतं आणि म्हणून माणूस उठला, यावर माझा सगळा निबंध उभा आहे. आता माणूस भाषणानं उठलेलाच नाही. मग मी काय उलगडत होते?

शाळा सुटल्यावर मास्तरसाहेबांकडे गेले. विचारायला फार अवघड वाटलं. ते वजिफ्यावर जाणार म्हणून गाव निरोपसमारंभ करणार आहे, आणि जो तो त्याच भाषणाचं नाव घेतो. मी चाचरत विचारलं. ते रागावले नाहीत. सुटल्यासारखा श्वास सोडला त्यांनी.

म्हणाले, ते भाषण वाया गेलं होतं. मराठी शब्द घोकून घोकून पाठ केले होते, ऐन वेळी निम्मे विसरले. पुढं बसलेले जांभया देत होते. पत्राचा किस्सा सांगितला तेव्हा एकानं मध्येच शेंगांचा भाव विचारला. 'मग तुझे आप्पा उठले. मला वाटलं, हा भला माणूस उठला की सगळे उठतील, बाजार मोडतो तसं होईल. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. बेटी, ती तकरीर नव्हती, भाषण नव्हतं. बुडताना माणूस हात मारतो, तसं होतं.'

मी विचारलं, मग हे लिहू का? त्यात तुमचं नाव कमी होईल.

ते म्हणाले, 'माझं लिही. शेटचं त्यांना विचार. गावानं त्यांना कशासाठी ओळखावं, हे त्यांच्या हातात राहू दे.'

१८ डिसेंबर

आप्पांना विचारलं. दुकान बंद करत होते. फळ्या लावता लावता म्हणाले, 'नको लिहू.'  शेवटची फळी लावल्यावर म्हणाले, 'मी चौथी पास. कुणाच्या लग्नात मला कुणी पुढं बसवलं न्हाय. पर शाळेचा विषय निघाला की माणसं म्हणतात, रेवणप्पा पयला उठला. तेवढं राहू दे.'

मला वाटलं होतं, आप्पा ते सगळं विसरून गेलेत.

२३ डिसेंबर

तिसरी प्रस्तावना. खोटं लिहायचं नाही आणि आप्पांचं मन मोडायचं नाही, म्हणून उभं राहण्याचा भागच काढून टाकला. भाषण कोणाचं, कोणापुढं, कशासाठी, एवढं लिहिलं. शेवटी घातलं: 'या भाषणानंतर नावे आली व शाळा सुरू झाली.' चिटणिसांनी मागितलं ते सगळं आहे. वाचली तर पंचायतीच्या कागदासारखी वाटते. पण मुदत संपत आलीय.

२४ डिसेंबर

संध्याकाळी वाचून दाखवली. अव्वा चुलीपाशी होती. ठसका लागला नाही. आप्पा वाट बघत होते, हे मला नंतर कळलं. 

मग म्हणाले, 'मी कुठाय?'

मी सांगितलं, तुम्हीच नको म्हणालात.

'निघालो हुतो ते लिहू नको म्हणलं. मला काढून टाक कुठं म्हणलं?'

मी म्हटलं, आप्पा, उठलात ते लिहायचं तर का उठलात ते लिहावं लागेल. नुसतं उठलात लिहिलं तर वाचणारा समजेल भाषणानं उठलात. ते खोटं होईल, आणि आता मला माहीत असताना मी ते वाचू शकणार नाही.

 अव्वानं भाकरी थापणं थांबवलं होतं. शेवटी आप्पा म्हणाले, 'सोलापुरात मला वळखतंय कोण.' थोड्या वेळानं म्हणाले, 'पर मालाचं लिही. उगी पळून चालला हुता असं वाटाया नको. माल यायचा हुता.'

अव्वा म्हणाली, मालाचं लिहीच. आणि मग तिला ठसका लागला, आणि या खेपेला आप्पांनाही लागला.

२६ डिसेंबर

चौथी. ही एका बैठकीत उतरली. इथं नकलून ठेवते, कारण पक्की प्रत उद्या टपालात जाईल:

'सन १९३४ मध्ये नळदुर्गच्या बाजारात हैदर मास्तरांनी मुलींच्या शाळेसाठी एक भाषण केले. ते पडले. त्यांची मराठी अडखळत होती व लोक जांभया देत होते. तेवढ्यात माझे वडील, दुकानी माल यायचा होता म्हणून, जाण्यास उठले. मास्तरांनी त्यांचे उठणे हाच होकार धरून पहिले नाव विचारले आणि वडिलांनी माझे नाव सांगितले. त्यांच्यामागून इतरांनी सांगितले. ज्या भाषणाने कोणाचेही मन वळले नाही, त्याने शाळा कशी निघाली, हा माझ्या निबंधाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, वक्त्याचे काम बोलून संपत नाही. समोर जे घडेल ते त्याने आपल्या बोलण्यात सामावून घ्यायचे असते. परंतु वडील नाही म्हणू शकत होते. ते का म्हणाले नाहीत, हे मला माहीत नाही.'

शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, कळत नाही. परीक्षण करणारानं 'माहीत नाही' म्हणावं का? पण ते खरं आहे. मी आप्पांना ते विचारलं होतं. ते म्हणाले, आता किती विचारशील.

मधल्या भागातही बरंच खोडावं लागलं. 'प्रभावी' हा शब्द सगळीकडून काढला.

६ जानेवारी १९४५

बोलावणं आलं. २० तारखेला, शनिवारी. बैठकीत आजवर बाईमाणसानं वाचलेलं नाही, सोबत कोणी वडीलधारे आणावे, असं लिहिलंय. आप्पा म्हणाले, मी येतो, मला सोलापुरात माल बघायचाच आहे. मास्तरसाहेबही येणार आहेत.

दुकानाचा रंग राहिलाच. मी आठवण करून दिली तर अव्वा म्हणाली, तू तुझं वाचायचं बघ.

२१ जानेवारी

काल रात्री लिहिण्याइतका जीव राहिला नव्हता, म्हणून आज.

सकाळच्या मोटारीनं निघालो. आप्पांनी लग्नातला कोट घातला होता आणि मास्तरसाहेबांनी शेरवानी. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर शिपायानं माझी पिशवी उघडली. निबंध उलटा सुलटा करून बघितला आणि विचारलं, हे काय? मास्तरसाहेब त्याला उर्दूत म्हणाले, यावर महसूल बसत असेल तर आनंदानं भरू. शिपाई हसला आणि सोडलं.

सभागृहात पुरुष भरपूर, बायका मागच्या बाकावर चार-पाच.  पहिली ओळ वाचली. 'ते पडले' या दोन शब्दांवर एकदम शांत झालं. आप्पांच्या मालाशी आले तेव्हा सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मी आप्पांकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. नंतर मास्तरसाहेब म्हणाले, तेही हसत होते, आणि शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगत होते, 'त्यो मीच.'

अध्यक्षांनी प्रस्तावनेचं कौतुक केलं. फक्त शेवटच्या वाक्याबद्दल म्हणाले की, लेखिकेनं हा प्रश्न अनुत्तरित ठेवायला नको होता. मला ते बरोबर वाटलं. 

परतीची मोटार दुपारचीच मिळाली. मी खिडकीशी, मध्ये आप्पा, पलीकडे मास्तरसाहेब. गाव मागं पडल्यावर मास्तरसाहेब म्हणाले, 'शेट, अध्यक्षांनी विचारलं ते मीही दहा वर्षं विचारीन म्हणतोय. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी तिथंच संपलो होतो. का नाही म्हणालात?'

आप्पा समोरच्या बाकाकडे बघत राहिले. मला वाटलं, याही खेपेला उडवून लावतील. मग म्हणाले, 'म्हणणारच हुतो. तोंडात आलं हुतं, की आमाला न्हाय जमायचं मास्तर. तर बायकांकडं नजर गेली. मदिनाबीजवळ ही उभी.'

'कोण?' मास्तरसाहेबांनी विचारलं.

'ही. तुमी नाव विचारायच्या आदीच उठून उभी राह्यली हुती. मदिनाबी हात धरून खाली वढतीय, आन ही बसंना. तोंड उघडं टाकून तुमच्याकडं बघतीय. मनात म्हणलं, आता हिला बस कसं म्हणायचं.'

 मोटार खडखडत होती. मला स्वतःला यातलं काही आठवत नाही, हे मी दोघांना सांगितलं. शेंगा आठवतात म्हटलं. आप्पा म्हणाले, शेंगा सांडल्या हुत्या सगळ्या, मदिनाबी येचत हुती.

मास्तरसाहेबांनी चष्मा काढला, शेरवानीच्या टोकानं पुसला आणि हातातच धरून बसले. मग म्हणाले, 'म्हणजे एक जण उठलं होतं.'

'उठलं हुतं की,' आप्पा म्हणाले.

'माझ्या बोलण्यानं.'

'आणखी कशानं? हिचा काय माल यायचा हुता?'

मग मास्तरसाहेबांनी आप्पांना विचारलं की मी नेमकी कुठल्या वाक्याला उठले. पत्राच्या का? त्याआधी एक चांगलं वाक्य होतं, त्याच्या का? आप्पा म्हणाले, ते काय मला ठावं, मी जायच्या घाईत हुतो. तेव्हा मास्तरसाहेब माझ्याकडे वाकले. चष्मा अजून हातातच होता. नाक्यापर्यंत ते मला त्या भाषणातलं एकेक वाक्य म्हणून दाखवत होते, अडखळत, विसरलेले शब्द आठवून आठवून, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारत होते, 'हे का, बेटी? हे होतं का?'

मी प्रत्येक वाक्य नीट ऐकलं. काही केल्या मला आठवलं नाही.